सगळे दात काढून कवळी? आधी खालचे सुळे बघा

पत्र: माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. आम्ही विडी घरकुलात राहतो. लग्न होऊन आल्यापासून त्या विड्या वळतात आणि तीसेक वर्षं मिश्री लावतात. आठ वर्षांपासून शुगर आहे, परवा तीन महिन्यांची सरासरी ९.१ आली. खालचे समोरचे चार दात पुढे-मागे डुलतात, वरची उजवीकडची शेवटची दाढ तर दाबली की खाली-वर होते. ब्रश लावला की रक्त येतं म्हणून ब्रश बंद आहे. एका डॉक्टरांनी सगळे दात काढून कवळी बसवा म्हणून सांगितलं. दुसरे म्हणतात, चार खेपांत सफाई करू, दोन दाढा काढू, खालचे दात तारेनं बांधू. मालक म्हणतात एकदाच काढून टाका, कटकट नको. शेजारच्या काकू म्हणतात मशीन लावलं की दात आणखी हलतात, आणि नणंद म्हणते वरचे दात काढले की नजर जाते. सासूबाईंचं मात्र एकच म्हणणं आहे, कडक भाकरी खाता आली पाहिजे. काय करावं?
– एक सून, सोलापूर

उत्तर:

ताई, दुसऱ्या डॉक्टरांच्या रस्त्यानं जा. कोणता दात राहील आणि कोणता जाईल हे तोंड आणि एक्स-रे बघितल्याशिवाय पत्रावरून ठरत नाही. पण क्रम ठरवता येतो: आधी सफाई, मग दीड-दोन महिने वाट, आणि त्यानंतर उरलेल्या दातांचा निकाल. पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं नाही.

हलणं सगळं सारखं नसतं. दंतवैद्य दोन अवजारांच्या दांड्यांमध्ये दात धरून हलवून बघतात. आडवा एक मिलिमीटरपर्यंत हलला तर पहिली पायरी, त्याहून जास्त हलला तर दुसरी, आणि आडव्याबरोबर खाली-वरही दबला तर तिसरी. तुमच्या पत्रातली वरची दाढ तिसऱ्या पायरीची दिसते. ती बहुधा जाईल, तिच्यासाठी जीव अडकवू नका. खालचे चार दात पुढे-मागेच डुलत असतील तर त्यातलं काही हलणं सुजेचं असतं. सूज उतरली की ते कमी होतं. हाड झिजल्यामुळे आलेलं हलणं तसंच राहतं, कारण गेलेलं हाड सफाईनं परत भरून येत नाही. यातलं किती सुजेचं आणि किती हाडाचं, हे सफाईनंतरच कळतं. म्हणून ही घाई नको.

या चार दातांच्या दोन्ही बाजूंना दोन सुळे आहेत. त्यांचं पत्रात नावही नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचे तेच आहेत. वरची कवळी टाळूवर पसरून चिकटते, तिला मोठी जागा मिळते. खालची कवळी घोड्याच्या नालेसारख्या अरुंद कण्यावर बसते आणि जीभ तिला दिवसभर ढकलत असते. दात काढला की त्या जागचं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, आणि पुढे वर्षानुवर्षं खालचं हाड वरच्यापेक्षा खूप जास्त झिजतं. ५८ व्या वर्षी सगळे दात काढले तर सत्तरीत खालची कवळी धरायला काही उरत नाही, ती जेवताना तरंगते. सुळ्याचं मूळ तोंडात सगळ्यात लांब असतं. ते दोन टिकले तर पुढेमागे काहीही झालं तरी त्यांच्या आधारानं अर्धी कवळी किंवा सुळ्यांवर बसणारी कवळी करता येते. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘खालच्या सुळ्यांभोवती हाड किती उरलंय?’ पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, समोर ठेवून ते दाखवतील.

आता शेजारच्या काकूंचं म्हणणं. ते डोळ्यांना दिसतं ते खरं आहे, कारण मात्र चुकीचं आहे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, लाळेच्या नळ्या उघडतात. दातावर बसलेल्या मऊ थरात लाळेतला क्षार मुरतो आणि त्याचं किटण होतं, बोअरच्या पाण्यानं तोटीला पांढरा थर धरतो तसं. सगळ्यात जाड किटण म्हणूनच तिथे असतं. वर्षानुवर्षं साचलं की ते चारही दातांना आतून एकत्र चिकटवून धरतं, आणि त्याच वेळी हिरडीखाली शिरून हाड खात राहतं. सफाईत ते निघालं की दोन दातांमध्ये फट दिसते, सुजलेली हिरडी खाली बसते, दात लांब झाल्यासारखे वाटतात आणि हलणं आधीपेक्षा जास्त जाणवतं. मशीनचं टोक दात कापत नाही. ते पाण्याच्या फवाऱ्यासह सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि किटणाचा खडा उडवतं. हे सगळं सासूबाईंना खुर्चीवर बसायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर काकूच जिंकतात.

चार खेपा कशाला, हाही प्रश्न मालक विचारतील. वरवरचं किटण एका खेपेत निघतं. हिरडीखालचं काढायला भूल द्यावी लागते, आणि एका वेळी एकच बाजू केली तर दुसऱ्या बाजूनं जेवता येतं. नंतर दोन-तीन आठवडे थंड पाण्यानं दात ठणकू शकतात. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट लावली की ते हळूहळू निवळतं. सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणीला जायचं आणि आकडे मागायचे. हिरडी आणि दातामधली फट बारीक खुणेच्या सळईनं मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार-पाचवर लक्ष ठेवायचं, सहा किंवा जास्त राहिली आणि रक्त येत असेल तर हिरडी उघडून साफ करायची की दात काढायचा हे तेव्हा ठरतं. खालचे दात तारेनं किंवा फायबरच्या पट्टीनं आतून बांधायचे तेही सफाईनंतर. घाणीवर बांधलेले दात आतून सडत राहतात. बांधल्यावरही दर तीन महिन्यांनी सफाईला जावं लागतं, ते टाळलं तर आधीचे पैसे पाण्यात.

शुगर जास्त आहे म्हणून सफाई लांबवू नका. साखर वाढली की हिरडीचा संसर्ग बळावतो, आणि तो संसर्ग उलट साखर वर धरून ठेवतो. हिरड्यांचे नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे तीच तीन महिन्यांची सरासरी, साधारण ०.४ नं उतरते. ९.१ मध्ये तेवढ्यानं भागणार नाही, गोळ्यांचा डोस बघायला शुगरच्या डॉक्टरांकडे जावंच लागेल. पण एखाद्या जास्तीच्या गोळीइतका फरक हिरडीतून मिळत असेल तर तो सोडायचा कशाला?

दात काढायच्या दिवशी मात्र साखर फार चढलेली नको. उपाशी नेऊ नका, ही चूक घरोघरी होते. सकाळी नेहमीची न्याहारी आणि नेहमीची गोळी घेऊन, सकाळचीच वेळ घ्या. पर्समध्ये साखर ठेवा. घाम फुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, नाव सांगा, डॉक्टर ठरवतील. दात निघाल्यावर कापूस पाऊण तास दाबून धरायचा, सारखं थुंकायचं नाही. थुंकल्यानं आणि जोरात चूळ भरल्यानं खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते, आणि मग तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या चुळा. ताप आला, गिळता येईना किंवा जिभेखाली सूज आली तर रात्र काढू नका, सिव्हिलला न्या.

नणंदेला सांगा, वरच्या दातांची नस वेगळी आणि डोळ्यांनी बघायची नस वेगळी. नजर शुगरनं जाते. सासूबाईंच्या डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासला नसेल तर काळजी त्याची करा.

आता मिश्री. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, पण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजली तरी तिच्यातलं निकोटिन जात नाही. बोटानं हिरडीवर चोळलं की ते सरळ रक्तात जातं. ‘मिश्री लावली की हिरडी घट्ट होते, रक्त थांबतं’ असं सासूबाई म्हणत असतील, तर त्यात तथ्य आहे. निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं, आणि आत हाड झिजतच राहतं. मिश्री सोडल्यावर पहिले काही आठवडे रक्त वाढल्यासारखं वाटू शकतं. तेव्हा घरातलं कोणीतरी ‘बघा, सोडली म्हणून झालं’ म्हणणार. त्याची तयारी आधीच ठेवा. शिवाय भाजलेल्या भुकटीची खरड मुळाशी दात झिजवते आणि हिरडी खाली सरकवते, ते वेगळंच.

१९९२ मध्ये दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला कायद्यानं बंदी आली. मिश्री मंजन म्हणून विकत नाहीत, तंबाखू म्हणूनच विकतात. तरी घरात तिला दात घासायचीच वस्तू समजतात, आणि ब्रश बंद झाला की तिचं राज्य सुरू होतं.

विडी वळणाऱ्या बाईला मिश्री सोडायला सांगणं सोपं नाही हे समजून घ्या. दिवसभर मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, नाकात वास, आणि संध्याकाळपर्यंत हजारचा आकडा गाठायचा. हात थांबवून चिमूट लावणं हीच त्यातली विश्रांती असते. म्हणून ‘उद्यापासून बंद’ म्हणून डबी फेकू नका. चार दिवस नुसतं मोजा, दिवसातून किती वेळा लावतात. मग दुपारच्या खेपा आधी कमी करा. त्यानंतर रात्री झोपतानाची, कारण झोपेत लाळ कमी होते आणि लावलेली मिश्री हिरडीला तशीच भिडून राहते. सकाळची सगळ्यात शेवटी, तीच सगळ्यात अवघड असते. दोन आठवड्यांच्या आतला एक दिवस पक्का करा, त्यानंतर डबी घरात नको. तलफ आली की ती काही मिनिटांची असते. उठायचं, हात साबणानं धुवायचे, घोट घोट पाणी प्यायचं, चिमूटभर भाजलेली बडीशेप तोंडात टाकायची. सुपारी अजिबात नको, तिनं तोंड आखडतं आणि कॅन्सरही होतो.

‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही सबब नाही, खरी अडचण आहे. निकोटिन आतड्याला हलवतं, ते बंद झालं की दोन-चार आठवडे बद्धकोष्ठ होतं. सकाळी उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी, रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात, हे मिश्री सोडायच्या दिवसापासूनच सुरू करा. पोट तुंबलं की बाई पुन्हा डबीकडे जाते. निकोटिनचं च्युइंगगम हलणाऱ्या दातांना चालणार नाही. पट्टी किंवा चघळायची गोळी चालेल का ते डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत.

मिश्री सुटणारच नाही असं दिसत असेल तर तेही डॉक्टरांना खरं सांगा. मग तारेनं बांधायचा खर्च करायचा की नाही, याचा हिशेब बदलतो.

आणि या आठवड्यात एक काम, बाकी काही होवो न होवो. दारात उजेडाला बसवून सासूबाईंचं तोंड बघा. मिश्री लावतात ती जागा, ओठांच्या आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जीभ वर करून खालचा भाग. पुसला न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, किंवा तीन बोटं उभी मावत नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यातलं काहीही दिसलं तर आधी ते दाखवायचं. एकच दात अचानक हलायला लागला आणि त्याच्या बाजूला जखम किंवा मांस वाढलेलं असेल, तर तिथल्या मांसाचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय तो दात काढू देऊ नका. काढलेल्या दाताचा खड्डा तीन आठवड्यांत भरला नाही तरीही पुन्हा दाखवा. सिव्हिलच्या दंत विभागात ही तपासणी होते. केगावला दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण सफाई-कवळीचा खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

ब्रश आजपासून सुरू करा, रक्त आलं तरी. मऊ ब्रश, हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका टेकवून, जागच्या जागी बारीक हलवत, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. हलणाऱ्या दाताला दुसऱ्या हाताचं बोट आतून लावून आधार द्यायचा. पेस्ट फ्लोराइडची, हरभऱ्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चुळा नकोत. दातांमधल्या फटीत बारीक नळीसारखा छोटा ब्रश मिळतो तो फिरवा, मात्र फटीत सहज जाईल त्याच आकाराचा, कोंबून नाही. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन, म्हणजे चुळा भरायचं औषध, दिलं तर ०.२ टक्क्यांचं, १० मिली, एक मिनिट, दोन वेळा, आणि पेस्ट लावल्यावर अर्ध्या तासानं. दोन आठवड्यांपुरतंच, कारण दात तपकिरी होतात आणि चव बदलते. ठणकणाऱ्या दाताशेजारी दुखण्याची गोळी दाबून ठेवू नका. त्यानं हिरडी भाजते.

राहिली भाकरी. पूर्ण कवळीनं चावायची ताकद स्वतःच्या दातांच्या साधारण चौथाई-पाचवा हिस्साच राहते. सोलापुरी कडक भाकरी कवळीनं कडाकडा फोडता येईल असं कोणी सांगत असेल तर मान्य करू नका. नव्या कवळीला जुळवून घ्यायला सहा-आठ आठवडे लागतात. पहिला आठवडा भात, मऊ खिचडी, वरण. घास छोटा, दोन्ही बाजूंना वाटून, समोरच्या दातांनी तोडायचं नाही. टोचत असेल तर घरी कानस लावू नका. दाखवायला जाताना कवळी काही तास घालून जा, म्हणजे टोचल्याची जागा लाल दिसते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर राहिली तर सुकून आकार बदलते, उकळतं पाणी घातलं तर वाकडी होते. धुताना खाली पाण्याची बादली किंवा टॉवेल असू द्या. फरशीवर पडली की दोन तुकडे.

दात बांधून राहिले तरी भाकरी समोरच्या दातांनी तोडायची नाही, हे कायमचं. ताटातच मुठीनं चुरायची, वर गरम आमटी किंवा दूध घालून पाच मिनिटं झाकायची, मग मागच्या दाढांनी. शेंगाचटणीची भरड कवळीखाली शिरते आणि फार टोचते, ती दह्यात कालवून द्या. जेवण झालं की कवळी काढून धुवायची आणि हिरड्यांवरून ओलं फडकं फिरवायचं.